क्रूझचा विमा : आधी जहाजाचा मार्ग पाहा

क्रूझचं बुकिंग करताना शेवटच्या टप्प्यावर एक छोटा चौकोन येतो : ‘प्रवास विमा हवा आहे का?’ पावसाळा सरत आला आणि दिवाळीनंतरच्या सहलींचे बेत सुरू झाले, की आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळींत हा चौकोन हमखास चर्चेला येतो. कुणी मुंबई–गोवा अशी दोन रात्रींची सफर ठरवलेली असते, कुणी लक्षद्वीपची. ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्यांच्यासाठी सिंगापूरच्या किंवा युरोपातल्या क्रूझचं तिकीट मुलांनीच काढलेलं असतं. मग मोबाइल माझ्यापुढं धरला जातो आणि प्रश्न येतो, “ताई, इथं टिक करायची का?”

मी सर्वसाधारण विमा कंपनीच्या क्लेम विभागातून निवृत्त झाले. पॉलिसी विकणं हे माझं काम कधीच नव्हतं. विकलेल्या पॉलिसीतून माणसाला पैसे द्यायचे की नाही, ते ठरवणाऱ्या फाइली माझ्या टेबलावर यायच्या. त्या टेबलावर जे पाहिलं त्यावरून सांगते, या प्रश्नाला सरसकट ‘हो’ किंवा सरसकट ‘नाही’ हे उत्तर देता येत नाही. जहाज परदेशी बंदराला लागणार असेल तर विमा घ्याच, आणि त्यात वैद्यकीय खर्चाची रक्कम भक्कम असू द्या. देशातल्या देशात दोन-तीन रात्रींची सफर असेल, तर बहुतेकांना विम्यापेक्षा नीट केलेली तयारी जास्त उपयोगी पडेल.

गोदाकाठावरून बॅलार्ड पिअरला

दहा वर्षांपूर्वी हा प्रश्न नाशिकमध्ये फारसा कुणाला पडत नव्हता. 2019 मध्ये मुंबईहून ‘कर्णिका’ हे मोठं क्रूझ जहाज सुरू झालं, पण करोनात 2020 मध्ये ती कंपनीच बंद पडली. सप्टेंबर 2021 पासून ‘कॉर्डेलिया’च्या सफरी सुरू झाल्या. 2023 च्या हिवाळ्यात ‘कोस्टा सेरेना’ हे इटालियन कंपनीचं जहाज मुंबई, गोवा, कोची, लक्षद्वीप असं फिरलं. 30 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केलं आणि सप्टेंबर 2025 मध्ये बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. सकाळी नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, सीएसएमटीला उतरून टॅक्सी करायची, की काही मिनिटांत माणूस जहाजाच्या दारात. समुद्र असा हाताशी आला. समुद्रावर आजारी पडलं तर काय होतं, याची माहिती मात्र तेवढी पोहोचली नाही.

भीती एका गोष्टीची, खर्च दुसऱ्याच गोष्टीचा

विमा म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, “जाणं रद्द झालं तर पैसे परत मिळतील का?” हा प्रश्न स्वाभाविक आहे, कारण तिकिटाचा आकडा डोळ्यांसमोर असतो. पण हिशेब मांडून पाहा. समजा, दोघांच्या मुंबई–गोवा सफरीला पन्नास हजार रुपये भरले आणि ते सगळे बुडाले. वाईट वाटेल, पण घर चालेल. आता समजा, परदेशातल्या बंदरावर त्यातल्या एकाला हृदयविकाराचा झटका आला. तिथल्या अतिदक्षता विभागाचं बिल, सोबत थांबलेल्या जोडीदाराचं हॉटेल, चुकलेल्या परतीच्या विमानाऐवजी नवं तिकीट, डॉक्टर किंवा नर्ससह मायदेशी आणण्याचा खर्च, हे सगळं एकत्र केलं तर रक्कम लाखांत जाते. आयुष्यभर साठवलेल्या ठेवी मोडाव्या लागतात. जे नुकसान आपण सोसू शकतो त्यासाठी हप्ता देणं हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न आहे. जे सोसूच शकत नाही, त्यासाठी विमा असतो.

शिवाय सहल रद्द झाल्याचं कलम वाटतं तितकं मोठं नसतं. रद्द होण्याची कोणती कारणं चालतील, ती पॉलिसीत एकेक करून लिहिलेली असतात. स्वतः रुग्णालयात दाखल होणं, जवळच्या कुटुंबीयाचा मृत्यू किंवा गंभीर आजार ही त्यांतली नेहमीची. आपल्या घरांत मात्र सहली वेगळ्याच कारणांनी मोडतात. सुनेचं बाळंतपण तारखेच्या आधी येतं, भाचीच्या लग्नाचा मुहूर्त त्याच आठवड्यात निघतो. चुलत सासरे वारले आणि दहा दिवसांचं सुतक आलं म्हणून माणूस घराबाहेर पडत नाही. हे कारण आपल्याला कितीही पटलं, तरी पॉलिसीतल्या ‘जवळचे कुटुंबीय’ या व्याख्येत चुलत सासरे बसत नसतील, तर क्लेम बसत नाही. टिक करण्याआधी ही व्याख्या वाचा. त्यात कोण कोण आहे ते मोजून घ्या.

जहाजावरचा दवाखाना आणि आपलं मेडिक्लेम

“आमचं दहा लाखांचं मेडिक्लेम आहे, मग आणखी कशाला?” हे मी वारंवार ऐकते. मेडिक्लेम चांगलंच आहे, पण जहाजावर ते किती चालेल हे समजून घ्या.

पहिली गोष्ट, आपल्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांपुरत्या असतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा चेन्नईहून श्रीलंकेच्या सफरी निघाल्या आहेत. कंपनी भारतातली आणि सफर चार-पाच दिवसांची असली, तरी हंबनटोटाला किंवा त्रिंकोमालीला जहाजातून उतरलात की तुम्ही परदेशात आहात. तिथं घसरून हाड मोडलं तर नाशिकचं कॅशलेस कार्ड कामाला येणार नाही.

दुसरी गोष्ट, रुग्णालय कशाला म्हणायचं याची व्याख्या विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने ठरवून दिलेली आहे. दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 खाटा, त्याहून मोठ्या शहरात किमान 15 खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि परिचारिका, सुसज्ज शस्त्रक्रियागृह, रोजच्या रोज ठेवलेल्या नोंदी, अशा त्या अटी आहेत. जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, प्राथमिक उपचारांची सोय असते. पण या व्याख्येत तो दवाखाना बसवणं कठीण आहे. तिथले बहुतेक उपचार तपासणी, सलाइन, इंजेक्शन अशा स्वरूपाचे असतात. ते बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरण्यापूर्वी चुकतं करावं लागतं. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये चोवीस तास दाखल असण्याची अटही आड येते. म्हणून प्रवास विमा घेताना एक वाक्य शोधायचं : ‘जहाजावरच्या दवाखान्यातले उपचार’ त्यात धरलेले आहेत का? काही पॉलिसींत क्रूझसाठी वेगळं जोडकलम घ्यावं लागतं. काहींत सागरी प्रवासाचे काही प्रकार वगळलेलेच असतात. एजंटने फोनवर “होतंय हो” म्हटलं, तर तेच ईमेलवर लिहून मागा.

समुद्रातून किनाऱ्यावर

जहाजावरचा डॉक्टर एका टप्प्यानंतर सांगतो, रुग्णाला उतरवलं पाहिजे. ऑगस्ट 2023 मध्ये मुंबईपासून सुमारे 200 किलोमीटरवर, भर समुद्रात, एका संशोधन जहाजावरच्या चिनी माणसाच्या छातीत दुखू लागलं. रात्रीचा काळोख आणि खराब हवामान, अशा स्थितीत आपल्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्याला उचलून किनाऱ्यावर आणलं. त्या जवानांचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. समुद्रातल्या मदतीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे. क्रूझवर मात्र आधी जहाजाच्या डॉक्टरला आणि रिसेप्शनला सांगायचं. पुढचा संपर्क कप्तान करतो.

लक्षद्वीपला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. बेटांवर रुग्णालयं आहेत, पण गंभीर रुग्णाला कोचीला हलवावं लागतं. त्यामुळे मुंबई–गोवा आणि मुंबई–लक्षद्वीप या दोन्ही देशांतर्गत सफरी असल्या, तरी जोखीम सारखी नाही. गोव्यात रुग्णालय बंदरापासून हाकेच्या अंतरावर मिळतं. लक्षद्वीपच्या वाटेवर चारी बाजूंना पाणी असतं. सत्तरीच्या पुढचे, हृदयाचे किंवा दम्याचे रुग्ण त्या वाटेला जाणार असतील, तर रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा देशांतर्गत प्रवास विमा मी सुचवते. आणि त्याच्याही आधी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

परदेशी क्रूझवर रुग्णाला पुढच्या बंदरावर उतरवतात आणि जहाज पुढं निघून जातं. मागं राहतात ते दोघं नवरा-बायको, अनोळखी गाव, अनोळखी भाषा. अशा वेळी पॉलिसीवरचा चोवीस तासांचा मदत क्रमांक पैशाइतकाच मोलाचा ठरतो. रुग्णालयाशी बोलणं, हमीपत्र पाठवणं, परतीची सोय करणं ही कामं त्या क्रमांकावरून होतात. दुर्दैवाने मृत्यू ओढवला तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही पॉलिसीत असायला हवा. हा विषय काढायला लोक कचरतात. मी मुद्दाम काढते, कारण त्या खर्चाची जुळवाजुळव करताना थकून गेलेली कुटुंबं मी समोर बसलेली पाहिली आहेत.

युरोपची क्रूझ असेल तर शेंगेन व्हिसासाठी किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा लागतोच. तिथं ‘घ्यायचा का’ हा प्रश्नच उरत नाही. पण ती व्हिसासाठीची किमान मर्यादा आहे. जहाजावरचे उपचार आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च त्यात आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावं लागतं.

जिथं सगळ्यात जास्त क्लेम अडतात

सातपूरच्या एक बाई माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या, ते मी विसरू शकत नाही. यजमान परदेशी सहलीत आजारी पडले, तिथल्या रुग्णालयात दाखल झाले, बिल मुलाने कर्ज काढून भरलं. क्लेमच्या कागदांत तिथल्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं की रुग्णाला अनेक वर्षांपासून रक्तदाब आणि मधुमेह आहे. प्रस्तावाच्या फॉर्मवर ‘आधीचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं. फॉर्म ग्रुपच्या संयोजकाने सगळ्यांचा एकदमच भरला होता. यजमानांनी फक्त सही केली होती. बाई म्हणाल्या, “साहेब, आम्हाला कुणी विचारलंच नाही हो.” त्या खरं बोलत होत्या, याबद्दल मला शंका नव्हती. तरीही सही त्यांच्या यजमानांची होती आणि क्लेम मंजूर झाला नाही.

म्हणून आमच्या गटातल्या प्रत्येकाला मी सांगते, फॉर्म स्वतः भरा. साखर, रक्तदाब, थायरॉइड, बसवलेला स्टेंट, झालेली शस्त्रक्रिया, रोजच्या गोळ्या, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल किंवा एखादी अट लागेल, पण आजार लपवला म्हणून क्लेम अडणार नाही. आणि आजार लिहिला म्हणजे त्याचा खर्च मिळेलच, असंही समजू नका. काही पॉलिसी आधीच्या आजारातून जिवावर बेतलं तरच आणि ठरावीक रकमेपर्यंतच पैसे देतात. काही मुळीच देत नाहीत. साठीच्या पुढच्या प्रवाशांसाठी खोलीचं भाडं, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर वेगवेगळ्या मर्यादा असू शकतात. पॉलिसीच्या पहिल्या पानावर 1 लाख डॉलर असतील आणि आतल्या पानावर शस्त्रक्रियेला त्याचा छोटासा हिस्सा, तर ज्येष्ठांनी आतला आकडा खरा मानावा.

वजावटीचा आकडाही पाहा. वजावट 100 डॉलर असेल तर 80 डॉलरचं बिल पूर्ण आपल्याच खिशातून जातं. जहाज लागतं म्हणून घेतलेलं इंजेक्शन बहुतेक वेळा या मर्यादेत संपतं. अशा किरकोळ खर्चासाठी विम्याची वाट पाहू नका. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. क्रूझवर जाणाऱ्या तरुण मुलांना हे स्पष्ट सांगायला हवं.

विमा असूनही जे मिळत नाही

जून 2022 मध्ये चेन्नईहून निघालेल्या क्रूझला पुदुच्चेरीत प्रवासी उतरवायला परवानगी मिळाली नाही. हवामान, बंदर, सरकारी परवानगी या कारणांनी मार्ग बदलण्याचा हक्क जहाज कंपन्या तिकिटाच्या अटींमध्ये राखून ठेवतात, आणि एक बंदर हुकलं म्हणून सर्वसाधारण प्रवास विमा भरपाई देत नाही. कंपनीच बंद पडली, तर बुडालेल्या आगाऊ रकमेचं संरक्षणही आपल्याकडच्या पॉलिसींत सहसा नसतं. ‘कर्णिका’चं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. वर्षभर आधी सगळी रक्कम एकदम भरण्याची घाई करू नये, हा त्यावरचा माझा साधा उपाय. व्हिसा नसल्यामुळे जहाजात चढू दिलं नाही, तर तो खर्चही आपलाच. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाने परत सिंगापूरलाच यायचं असतं, त्यामुळे व्हिसावर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे तपासा. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीही बहुधा वगळलेली असते.

साथीचा प्रश्न वेगळा. जानेवारी 2022 मध्ये नववर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या जहाजावर सुमारे दोन हजार माणसं होती. तपासणीत 66 जण करोनाबाधित निघाले आणि जहाजाला मुंबईला परत यावं लागलं. त्याआधी फेब्रुवारी 2020 मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर सुमारे 3,700 लोक अडकले होते. केबिनमध्ये विलगीकरणात राहावं लागलं तर दिवसाला ठरावीक रक्कम देणारं कलम आता काही पॉलिसींत मिळतं. परदेशी क्रूझसाठी ते असलेलं बरं.

मुंबई–गोवा करणाऱ्या नाशिककरांसाठी

या सफरीत सगळ्यात मोठा धोका मला समुद्रात दिसत नाही, कसारा घाटात दिसतो. दरड कोसळली, इंजिन बंद पडलं, महामार्गावर कंटेनर उलटला, की मुंबईला पोहोचण्याचं वेळापत्रक कोलमडतं. जहाजाचं चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि उशिरा आलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. ‘जहाज चुकणं’ हे कलम असलं तरी त्याला अटी असतात. बस, रेल्वे किंवा विमानाचा ठरावीक तासांहून जास्त उशीर आणि त्याचा लेखी दाखला लागतो. स्वतःच्या गाडीने निघून घाटात अडकलात, तर ते कलम बहुधा लागू होत नाही. रेल्वेच्या ई-तिकिटाबरोबर 45 पैशांत मिळणारा विमा जरूर घ्या. रेल्वे अपघातात मृत्यू झाल्यास त्यात 10 लाख रुपये मिळतात. पण गाडीला उशीर झाल्यामुळे जहाज चुकलं, तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आदल्या दिवशीच मुंबई गाठा. नातेवाइकांकडे किंवा साध्या लॉजमध्ये एक रात्र काढा. त्या रात्रीचा खर्च हा या सफरीचा सर्वांत चांगला विमा आहे.

मेडिक्लेम चालू आहे, प्रकृती ठीक आहे, भरलेले पैसे बुडाले तर सोसवतील, अशा जोडप्याने मुंबई–गोव्यासाठी तो चौकोन रिकामा ठेवला तर मी त्यांना अडवत नाही. तो चौकोन आधीच भरलेला दिसला तर खूण काढून टाका. ग्राहकाने स्वतः निवडल्याशिवाय विमा गळ्यात मारू नये, असं इर्डाने बजावलेलं आहे. घ्यायचाच असेल तर बुकिंगच्या पानावरचाच घेतला पाहिजे असंही नाही. चार ठिकाणी कलमं ताडून पाहा.

क्लेमची तयारी घरापासून

परदेशी प्रवासाचा विमा भारतातून निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. परतीच्या तारखेपुढं दोन-तीन दिवस जास्त धरा, कारण जहाजाला आणि विमानाला उशीर होतो. पॉलिसीची छापील प्रत, मदत क्रमांक आणि रोजच्या औषधांचं प्रिस्क्रिप्शन हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आजारी पडलात तर शक्य तितक्या लवकर मदत क्रमांकावर कळवा. जहाजावरच्या डॉक्टरचा सही-शिक्क्याचा अहवाल, तपशीलवार बिल आणि पैसे भरल्याची पावती घेतल्याशिवाय जहाज सोडू नका. जहाज पुढच्या देशात निघून गेल्यावर हे कागद मिळवणं किती जड जातं, ते मी फाइलींमध्ये पाहिलं आहे.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. नाशिककरांसाठी हे कार्यालय पुण्याला आहे. कंपनीचं अंतिम उत्तर मिळाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा. फी लागत नाही, वकील लागत नाही. इर्डाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि 155255 हा क्रमांकही आहे. नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि व्यवहार 5 लाखांपर्यंतचा असेल तर त्यालाही शुल्क नाही.

तेव्हा माझा निर्वाळा असा आहे. मुंबई–गोवा : प्रकृती आणि मेडिक्लेम ठीक असेल तर विमा ऐच्छिक, आदल्या दिवशी मुंबई गाठणं मात्र सक्तीचं समजा. लक्षद्वीप : ज्येष्ठांनी आणि जुन्या रुग्णांनी रुग्णाला हलवण्याच्या खर्चासह विमा घ्यावा. श्रीलंका, सिंगापूर, युरोप किंवा कुठलंही परदेशी बंदर : विमा घेतल्याशिवाय जहाजात पाऊल ठेवू नये. आणि सगळ्यांना एकच विनंती, आई-वडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलांनाही : विम्याचा फॉर्म भरताना प्रवास करणाऱ्याला शेजारी बसवा, प्रत्येक प्रश्न त्याला वाचून दाखवा, आणि तो देईल तेच खरं उत्तर लिहा.